साठ मिरच्या आणि एक मनगट

माझ्या सासुरवाडीला कुणाचं हाड मोडायचं असलं, की ते रविवारी सकाळी चहाच्या वेळी ठरतं. बाकीचे सहा दिवस माणसं कामात असतात.

काम म्हणजे सामान हलवण्याचं. लोकांचं घर या गल्लीतून उचलायचं आणि त्या गल्लीत नेऊन ठेवायचं. सासरेबुवांनी हा धंदा एका हातगाडीवर सुरू केला. आता दोन टेम्पो आहेत आणि दोन मुलगे. थोरल्याला सगळे कपाट म्हणतात, कारण त्यानं एकदा तीन दारांचं लोखंडी कपाट एकट्यानं पाठीवर घालून चौथ्या मजल्यावर नेलं होतं. कपाटाला आरसा होता, तोही शाबूत पोचला. धाकटा रुंदीला थोरल्याइतकाच, पण उंची द्यायची राहून गेली, म्हणून तो स्टूल. दोघेही बिनलग्नाचे. लग्न ही गोष्ट त्यांनी लहानपणापासून फार जवळून पाहिलेली आहे.

मी या घरचा थोरला जावई. नोकरी वाचनालयात झाली. आयुष्यात उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे शब्दकोश, आणि तोही एका वेळी एकच खंड. त्यामुळे मेहुण्यांच्या लेखी मी नाजूक सामानात मोडतो. मानानं वागवतात, पण मला कुठं आपटू नये याची काळजी घेतात.

त्या रविवारी चहाला मी एकटाच गेलो होतो. बायको नर्स आहे, तिची हॉस्पिटलात दिवसपाळी होती. बशीत चहा ओतला आणि चिमी आली. चिमी म्हणजे धाकटी मेहुणी, उशिरा झालेली, सगळ्यांची लाडकी. दोन वर्षांपूर्वी तिनं मालवाहू बोटीवरच्या एका आचाऱ्याशी लग्न केलं. नऊ महिने तो समुद्रावर, तीन महिने घरी. सासरेबुवांना हा जावई पसंत नव्हता. पुरुष असून स्वयंपाक करतो, इथवर त्यांचं काही म्हणणं नव्हतं. पुरुष असून घरीही करतो, हे त्यांना झेपलं नव्हतं.

"आज सगळ्यांनी जेवायला यायचं हां," चिमी दारातूनच म्हणाली. "गुरुवारी तो बोटीवर जातोय. नूडल्स करतोय, आणि ते त्याचं सांबाल, दगडावर वाटतो ती चटणी. आई, तुझं मोठं पातेलं दे गं, एवढ्या नूडल्स आमच्या पातेल्यात उकडायच्या नाहीत."

तिचा उजवा डोळा बंद होता. पापणी टम्म फुगलेली, कडेनं पाणी गळत होतं.

"डोळ्याला काय झालं?" कपाटानं विचारलं.

"काही नाही रे दादा. मिरची गेली डोळ्यात."

स्टूलनं बशी खाली ठेवली. सासूबाई पातेलं काढायला वाकल्या होत्या, त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. चिमी बोलत होती, एक वाजता या, उशीर करू नका, नूडल्स थांबत नाहीत वगैरे. तिनंच पातेलं ओढून काढलं, काखेत मारलं आणि गेली.

आता थोडं मागं जायला हवं. बत्तीस वर्षांपूर्वी मी या घरी पहिल्यांदा जेवायला आलो, तेव्हा सासूबाईंचा डावा डोळा बंद होता. खालचा गाल जांभळा. "मिरची गेली डोळ्यात," त्या वाढता वाढता म्हणाल्या. मी शिकलेला माणूस. म्हटलं, "गार दूध लावा, लगेच उतरेल." चारही मुलं ताटात बघून जेवत राहिली. सासरेबुवा म्हणाले, "पोरगा हुशार आहे." त्या शिफारशीवर माझं लग्न झालं.

नंतर बायकोनं समजावलं. या घरात मिरची डोळ्यात जायची, कानशिलावर जायची, दंडावर पाच बोटं उमटवून जायची. एकदा मिरची गेली आणि दोन दात पडले. एकदा मिरचीनं बरगडी मोडली, तेव्हा सासूबाई तीन महिने बसून झोपल्या. गंमत म्हणजे त्या घरात तिखट कुणाला चालत नाही. महिन्याला पावशेर मिरची यायची. ती सगळीच डोळ्यात जात असावी, कारण भाजीत तर कधी लागली नाही. आता सासरेबुवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे झाले. वयोमानानं मिरची वर्षातून एक-दोनदाच जाते.

तर चिमी ते वाक्य बोलून गेली, आणि त्या घरात त्या वाक्याचा अर्थ कुणाला विचारावा लागत नव्हता.

पहिल्यांदा सासरेबुवा बोलले. "बाईवर हात टाकणारा माणूस आपल्याला खपत नाही."

कुणी हसलं नाही. त्या घरात हसू आलं तर आधी त्यांच्याकडे बघायची पद्धत आहे.

"नाक फोडू," स्टूल म्हणाला.

"नाक काय, आपोआप जुळतं," कपाट म्हणाला. "त्याला कायमचं लक्षात राहिलं पाहिजे."

"मग पाय."

"आचाऱ्याला पाय कशाला लागतो? मनगट. उजवं. त्याच हातानं कढई उडवतो तो. मनगट गेलं की गुरुवारची बोट गेली, आणि पुढच्याही सगळ्या गेल्या. मग बसू दे जन्मभर बटाटे सोलत."

"अरे, आधी त्याला विचारून तर बघा," मी म्हटलं.

कपाटानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, जरा कीव केल्यासारखं. "भावोजी, तुम्ही इतकी वर्षं येताय. तुम्ही कधी कुणाला विचारलंत?"

मी बशीतला चहा प्यायलो. तो गार झाला होता.

"मी पण येते," सासूबाई म्हणाल्या. सामान हलवायच्या कामावर त्या कधीच गेल्या नव्हत्या. कुणी नको म्हणालं नाही.

जेवायच्या वेळेला निघालो. टेम्पो मी चालवला, कारण मेहुण्यांना हात ताजे ठेवायचे होते. सासरेबुवा शेजारी बसले. मोजायला तेच लागतात. जड वस्तू उचलताना सासरेबुवा मोजतात: एक, दोन, तीन, आणि प्रत्येक आकड्याला उजवा तळहात फळीवर फाडकन आपटतात. तीन झाल्याशिवाय कुणी जोर लावायचा नाही. मधे कुणी शिंकलं, ओरडलं, मोजणी तुटली, तर पुन्हा एकपासून. हा नियम देवाच्या वर आहे. पूर्वी एका हमालानं दोनलाच पियानो उचलला होता. त्याच्या जोडीदाराच्या डाव्या पायाला आता तीन बोटं आहेत. त्याला मुलं झाली, मुलांना मुलं झाली, पण तो अजून त्या घरावरून जाताना थुंकतो.

चिमीचं घर तिसऱ्या मजल्यावर. बेल वाजवली. आतून पंख्याची घरघर, कढईत काहीतरी फसफसल्याचा आवाज आणि त्यावरून आचाऱ्याची हाक आली, "चिमे, किल्ली नेली नाहीस का? दोन मिनिटं थांब, नूडल्स टाकल्यात!"

म्हणजे चिमी घरात नव्हती. मेहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बरंच झालं.

दार लाथ मारून तोडतील असं मला वाटलं होतं. पण ते त्यांच्या धंद्यात बसत नाही. दार बाहेर उघडणारं होतं, म्हणजे बिजागऱ्या आमच्या बाजूला. स्टूलनं खिशातून हातोडी काढली, खालून टोचा लावून तीनही खिळे टकटक वर काढले, आणि दोघांनी मिळून दार कुलपासकट अलगद चौकटीतून उचललं. घोंगडी अंथरून भिंतीला टेकवून ठेवलं. एक ओरखडा नाही.

आत एक लांब खोली. एका टोकाला ओटा, मधे जेवायचं टेबल, पलीकडे झोपायच्या खोलीचं दार. आचारी पाठमोरा होता. ओट्यावर वाटीवाटीतून सगळं मांडून ठेवलेलं: लांब चिरलेला कोबी, गाजराच्या काड्या, सोललेली कोळंबी, फोडलेली अंडी, ठेचलेला लसूण, गोडसर काळा सोया सॉस. टेबलावर काळ्या दगडाची उथळ ताटली आणि तिचा मुठीत मावणारा वाकडा बत्ता. बोटीवरच्या इंडोनेशियन मुख्य आचाऱ्यानं निवृत्त होताना ती जोडी त्याला दिली होती. ताटलीत सांबाल होतं. ओल्या आणि भिजवलेल्या सुक्या लाल मिरच्या, छोटे कांदे, लसूण, टोमॅटो, कोळंबीची भाजलेली वडी, गूळ, सगळं दगडावर वाटून तेल सुटेपर्यंत परतलेलं. रंग असा, की डोळ्यांनीच भाजावं.

"अरे, या या!" आचारी मान वळवून म्हणाला. कढई उडतच होती. "बसा बाबा. आई, तुम्हीपण आलात? छान. आता मला थांबता येत नाही, आच लागली की चार मिनिटांचा खेळ आहे."

मेहुणे बसले नाहीत. त्यांनी टेबलावरचे काचेचे पेले उचलले, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळला आणि झोपायच्या खोलीत पलंगावर नेऊन ठेवला. मग बशा. मग भिंतीवरचा आरसा. मग फुलदाणी, ती माझ्या हातात दिली.

"राहू द्या ना दादा, मी लावतो नंतर," आचारी संकोचून म्हणाला. "पाहुण्यांनी कशाला?"

शेवटची बशी ठेवून कपाट परत आला, त्यानं आचाऱ्याच्या खांद्यावर टकटक केलं, आणि तो वळताच त्याच्या नाकावर गुद्दा हाणला.

नाक मोडल्याचा आवाज मी पुस्तकांत पुष्कळ वाचला होता. प्रत्यक्षात तो कोबीचा दांडा मोडल्यासारखा येतो. रक्ताची धार लागली. आणि त्या माणसानं काय करावं? त्यानं मान बाजूला काढली. कढईत थेंब पडू नये म्हणून. तशा वाकड्या मानेनं त्यानं नूडल्स आणखी दोनदा उडवल्या. स्टूलनं पोटात गुद्दा घातला. आचारी दुमडला, दुमडता दुमडता त्यानं गॅस बंद केला. बोटीवर वादळात आधी गॅस बंद करायचा आणि मग पडायचं, हे त्यांना पहिल्या दिवशी शिकवतात म्हणे.

गॅस बंद झाल्यावर मात्र तो मोकळा झाला.

लोखंडी कालथा कपाटाच्या कानावर बसला. कानाची पाळी फाटून लोंबली. दुसरा वार स्टूलच्या दातांवर. एक दात उडून कोबीच्या वाटीत पडला आणि तिथंच पांढऱ्यात पांढरा होऊन गेला. स्टूलनं डोकं खाली घालून बैलासारखी धडक दिली. आचाऱ्यानं कढई ओट्यावर ठेवता ठेवता तिचं बूड त्याच्या दंडाला लावलं. चर्र झालं. जळलेल्या कातडीचा वास आला, आणि सांगायला लाज वाटते, त्या वासासकट खोलीतला एकूण वास भूक लागण्याजोगा होता.

"का मारताय रे?" आचारी ओरडला.

"तुला माहितीय!"

"नाही माहिती!"

"ते कुणालाच माहिती नसतं!" कपाट म्हणाला आणि त्याला टेबलावर फेकला.

दगडी ताटली उलटली. तिघं त्या सांबालात लोळले. कपाटाचे हात कोपरापर्यंत लाल, स्टूलची छाती लाल, त्यात रक्त कुठलं आणि मिरची कुठली, ते फक्त जखमांना कळत होतं. आचाऱ्याच्या भुवईवर खोक पडली. कपाटानं त्याचं डोकं टेबलावर दोनदा आपटलं. जपून, टेबलाचा पाय हलत नाही ना ते बघत. स्टूल त्याच्या पाठीवर बसला. स्टूल पाठीवर बसला, की माणसाचं फर्निचर होतं. मग कपाटानं त्याचा उजवा हात ओढून भाजी कापायच्या फळीवर सरळ केला, मनगट वर, आणि हातोडी मागितली. हातोडी मी दिली. फुलदाणी एका हातात होती, दुसरा मोकळा होता. देऊ नये हे मला सुचायला हवं होतं. पण बत्तीस वर्षांत त्या घरात कुणी काही मागितलं आणि मी दिलं नाही, असं झालेलं नव्हतं.

"हात नको," आचारी पहिल्यांदाच विनवणीनं बोलला. त्याच्या तोंडातून रक्ताचा फुगा आला. "दुसरं काहीही मोडा. हात नको. गुरुवारी—"

"बाबा, मोजा," कपाट म्हणाला.

सासरेबुवा टेबलाच्या डोक्याशी खुर्चीत बसले होते. इतका वेळ त्यांनी काही केलं नव्हतं. मुलं हाताशी आलेली बघत होते. त्यांनी घसा साफ केला. उजवा तळहात टेबलावर आपटला. "एक."

कपाटानं हातोडी उचलली. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता, तो त्यानं दुसऱ्या हातानं पुसला.

"दो—"

कपाटाच्या आरोळीनं खिडकीची काच वाजली. हातोडी पडली. तो दोन्ही हातांनी डोळे चोळायला लागला, म्हणजे उरलंसुरलंही आत गेलं. "काय झालं रे दादा?" म्हणत स्टूलनं तोंडावरचं रक्त पुसलं, ते थेट डोळ्यांपर्यंत. मग तोही ओरडला. तरी पाठीवरून उठला नाही. कामावरचा माणूस आहे तो.

मोजणी तुटली. आता पुन्हा एकपासून.

तेवढ्यात चौकटीत चिमी उभी राहिली. एका हातात बर्फाची पिशवी, दुसऱ्यात कांद्याची पात, समोर दार नाही. तिनं टेबलाकडे पाहिलं आणि किंचाळत येऊन स्टूलचे केस धरले. "सोड! सोड त्याला! काय केलंय त्यानं?"

"तुझ्या डोळ्याचं काय केलंय ते विचार!"

"अरे मिरची गेली होती! साठ मिरच्यांच्या बिया काढल्या मी, उघड्या हातानं! तो ओरडत होता हातमोजे घाल, हातमोजे घाल, मीच ऐकलं नाही!"

"मिरची!" कपाट आंधळ्यासारखा भिंतीशी झगडत ओरडला. "आईचीही जायची मिरची! रोज जायची!"

पंखा घरघरत होता.

ते वाक्य त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. चार मुलांनी ते गिळलं होतं, मी गिळलं होतं, शेजाऱ्यांनी भिंतीपलीकडून गिळलं होतं. मुलांना कळत नाही, या एका समजुतीवर सासूबाईंनी संसार रेटला होता. त्या ओट्याशी उभ्या होत्या. त्या हलल्या. कपाटापाशी गेल्या, त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"काय झालं रे डोळ्याला?"

"मिरची गेली गं आई!" एवढा मोठा माणूस रडत होता. "खरंच मिरची गेली!"

त्यांनी त्याचा डोळा नीट पाहिला. मग स्टूलचा पाहिला. मग चिमीला जवळ ओढून तिचा पाहिला. तिन्ही सारखे: पापणी लाल, सगळीकडून सारखी फुगलेली, पाण्याची धार. कुठं जांभळं नाही, कुठं निळं नाही, बोटांतल्या अंगठ्या उमटलेल्या नाहीत.

"अशी दिसते होय," सासूबाई म्हणाल्या.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सकाळी त्यांना ओळखता कसं आलं नाही? तर डोळ्यात मिरची गेल्याचं जन्मभर सांगणाऱ्या त्या बाईच्या डोळ्यात मिरची एकदाही गेली नव्हती. खरी कशी दिसते, ते त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि आम्ही एवढी माणसं, टोचा-हातोडी घेऊन, चोराला मोजायला बसवून संन्याशाला सुळावर द्यायला तीन मजले चढून आलो होतो.

"बायकांचं काय ऐकत बसलात?" सासरेबुवा म्हणाले. "आलोय तर काम पुरं करा. खालचा टेम्पो कोण बघतंय? हातोडी उचल." त्यांनी तळहात टेबलावर आपटला. "एक."

कुणी हातोडी उचलली नाही. कपाटाला ती दिसत नव्हती, आणि दिसली असती तरी त्यानं उचलली असती असं मला वाटत नाही.

सासूबाईंनी खाली पडलेला बत्ता उचलला. दीड किलोचा असेल. फडक्यानं पुसला, अस्वच्छ वस्तू त्यांनी कधी वापरली नाही.

"दोन," सासरेबुवा म्हणाले. तळहात फाडकन.

"अहो," सासूबाई म्हणाल्या, "हात तिथंच ठेवा."

पन्नासेक वर्षांत त्या नवऱ्याला 'ठेवा' असं पहिल्यांदा म्हणाल्या असतील. नुसत्या आश्चर्यानं त्यांनी हात ठेवला.

तीन सासूबाईंनीच म्हटलं.

आवाज नाकापेक्षा मोठा होता. आधी एक, मग त्याच्याच पोटातून दुसरा. टेबल हललं नाही. कपाटानं पारखलं होतं ते खरं, टेबल चांगलं आहे. सासरेबुवांनी तोंड उघडलं, पण ओरडायला त्यांना बराच वेळ लागला. दुसऱ्यांचं ऐकायची सवय होती, स्वतःचं कुठून काढायचं ते सापडत नव्हतं. बत्ता पुन्हा वर गेला. तिथं थांबला. मग सासूबाईंनी तो हळूच टेबलावर ठेवला, ताटली सरळ केली आणि बत्ता तिच्यात ठेवला.

मुलगे जागचे हलले नाहीत. तीन झालं, म्हणजे काम झालं.

स्टूल पाठीवरून उतरला. आचारी उठून बसला आणि पहिल्यांदा त्यानं उजवं मनगट फिरवून पाहिलं. डावीकडे, उजवीकडे, मग कढई उडवायच्या झटक्यानं. चालत होतं. मग तो रडला. चिमी बर्फ कुणाला लावावा या पेचात पिशवी हातात घेऊन उभी होती. आळीपाळीनं तिघांना लावत गेली. वडिलांपाशी आली तेव्हा बर्फ संपला होता.

सासरेबुवांना टेम्पोत घालून मी हॉस्पिटलात नेलं. जखमी विभागात माझीच बायको. तिनं हात पाहिला, डॉक्टरांना हाक मारली, फोटो काढवला. दोन हाडं. मग कागद पुढं ओढून वडिलांसमोर बसली.

"कसं झालं?"

सासरेबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचत होतो.

"बत्ता पडला हातावर."

"कुठून पडला?"

"वरून."

"जवळ कोण होतं?"

"कुणी नव्हतं. माझंच लक्ष नव्हतं. चुकून झालं."

ती लिहीत होती. अक्षर वळणदार आहे तिचं. लहानपणी आईच्या औषधाच्या चिठ्ठ्या तीच घेऊन जायची. वर 'पडल्या' असं तिनंच लिहायचं.

"घरी कुणाची भीती वाटते का?"

"हे काय विचारणं झालं?"

"सगळ्यांना विचारावं लागतं, बाबा. कागदावर छापलंय."

पलीकडे एक माणूस प्लॅस्टरची पट्टी पाण्यात भिजवत होता. मग सासरेबुवांनी मला विचारलं, "ही कुठंय? घरी गेली का?"

"नाही. चिमीकडेच आहेत."

"मग नाही वाटत," ते म्हणाले.

बायकोनं तेही लिहिलं.

मी चिमीकडे परतलो तेव्हा चार वाजले होते. दार परत चौकटीत बसलं होतं, पूर्वीपेक्षा चांगलं. बिजागऱ्यांना तेल घातलेलं. आरसा भिंतीवर. आचाऱ्याच्या नाकात कापसाचे बोळे, कपाटाच्या कानाला पट्टी, स्टूलला बोलताना हवा लागत होती. सगळे टेबलाभोवती. आचाऱ्यानं पुन्हा कढई तापवून ताज्या नूडल्स परतल्या होत्या, आणि ताटलीच्या कडेला चिकटून वाचलेलं चमचाभर सांबाल मधे ठेवलं होतं. मेहुणे त्याला आग्रह करत होते. माफी मागणं त्यांना जमत नाही. ते दुसऱ्याच्या ताटात कोळंबी टाकतात. आचाऱ्याच्या ताटात सतराएक कोळंब्या होत्या.

"कसा आहे?" सासूबाईंनी विचारलं. 'कसे आहेत' नाही.

"दोन हाडं. हात सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये."

"बरं." त्यांनी काट्याला नूडल्स गुंडाळल्या, त्या सुटल्या, मग सरळ बोटांनी उचलल्या आणि सांबालात बुडवून तोंडात घातल्या. मेहुणे श्वास रोखून बघत होते. सासूबाईंना घाम फुटला. त्यांनी आणखी एक घास घेतला.

"उद्या टेम्पो मोकळा आहे का रे?" त्यांनी विचारलं.

"एक आहे," कपाट म्हणाला. "का गं?"

"माझं लाकडी कपाट हलवायचंय. आणि शिलाईचं मशीन. हे गुरुवारी जातील, मग नऊ महिने चिमी एकटीच." त्यांनी आचाऱ्याकडे पाहिलं. "चालेल ना जावईबापू?"

आचाऱ्याला नाकातून बोलता येत नव्हतं. त्यानं मान हलवली, आणि ताटातल्या आठ कोळंब्या त्यांच्या ताटात टाकल्या. घरात मुरायला लागला होता.

"कोण मोजेल?" स्टूलनं विचारलं. "बाबा तर..."

"मी मोजीन," सासूबाई म्हणाल्या. कपाळावरचा घाम डोळ्याकडे उतरला, तो त्यांनी बोटांनी पुसला. मग एकदम खुर्ची मागं सारून उभ्याच राहिल्या. डावा डोळा गच्च मिटलेला, त्यातून पाण्याची धार.

"काय झालं आई?" तिघं एकदम.

"मिरची गेली," त्या म्हणाल्या. "अगं आई गं! एवढी झोंबते?"

"गार दूध लावा," मी म्हटलं.

कपाट उठला. त्याला अजून धड दिसत नव्हतं. भिंत चाचपत फ्रिजपर्यंत गेला, आणि दुधाची वाटी दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता, आईपाशी घेऊन आला.